किल्ले तीन, मुक्काम एक

पुण्या-मुंबईच्या कितीतरी शाळांत फ्रेंच घेतली जाते ती गुणांसाठी. दहावीला नव्वदच्या वर मार्क पडतात, क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ असतात. पण समोरच्या माणसानं फ्रेंचमध्ये ‘किती हवेत?’ एवढं विचारलं तरी जीभ उचलत नाही. मी फ्रेंच शिकवते, आणि हे दरवर्षी बघते. म्हणून शाळेच्या फ्रान्स-सहलीचा आराखडा हातात आला की दिवसाला किती किल्ले, हे मी आधी बघत नाही. दिवसातून किती वेळा मुलांना फ्रेंच बोलावं लागणार, हे बघते.

बहुतेक आराखड्यांत हे उत्तर शून्याच्या आसपास असतं. सात दिवसांत पॅरिस, डिस्नेलँड, स्वित्झर्लंडमधला बर्फ, रोज नवं हॉटेल, बसमध्ये इंग्रजी बोलणारा गाइड. मुलं दमून परत येतात, फोटो भरपूर असतात, फ्रेंच मात्र वहीतच राहते. भाषेच्या सहलीला हे चालणार नाही. मुक्काम एकाच गावात हवा, म्हणजे तिसऱ्या दिवशी बेकरीवाली मुलांना ओळखायला लागते.

माझ्या मते त्यासाठी ल्वार नदीच्या खोऱ्यातलं तूर हे शहर उत्तम. पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनवरून जलद गाडीनं साधारण सव्वा तास. पंधराव्या-सोळाव्या शतकात फ्रान्सचे राजे पॅरिसपेक्षा याच भागात अधिक रमले, आणि इथली फ्रेंच सर्वांत शुद्ध असा समज तेव्हापासून चालत आला आहे. पुण्याच्या माणसाला हा समज ओळखीचा वाटेल. शुद्ध-अशुद्धाचं राहू दे. शहर मोठं पण आटोपशीर आहे, मंडई आहे आणि आसपासच्या गावांना गाड्या आहेत. नदीचा सुली ते शालोन हा पट्टा युनेस्कोनं 2000 साली जागतिक वारशात घेतला. त्यात पाहण्यासारखे किल्ले इतके आहेत की निवड करताना जीव हळहळतो. तरी तीनच घ्यावेत: शिनों, शांबोर, शनोंसो.

शिनों आधी, याला कारण आहे. ‘शातो’ म्हणजे किल्ला, असं पाठ्यपुस्तक सांगतं. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर मग रायगड-सिंहगड येतो आणि नक्षीदार शातो पाहिला की ती गोंधळतात: हा कसला किल्ला, हा तर राजवाडा! शिनोंला तसं होत नाही. व्हिएन नदीच्या वर डोंगरसोंडेवर तटबंदी, बुरूज, खाली गाव. आपल्या मुलांना हा गड लगेच कळतो. 1429 साली जोन ऑफ आर्क राजपुत्र शार्लला भेटली ती इथेच. तिथून शांबोरला गेलं की फरक आपोआप कळतो. 1519 मध्ये फ्रांस्वा पहिला या राजानं तो बांधायला घेतला तो शिकारीसाठी. बुरूज आहेत, पण ते केवळ दिमाखाचे. भोवतालच्या रानाला 32 किलोमीटरची भिंत आहे आणि आत जवळजवळ अर्ध्या पॅरिस शहराएवढी जमीन. ‘शातो’ या एका शब्दात गड आणि राजवाडा दोन्ही कसे मावतात, हे त्यानंतर शिकवावं लागत नाही.

शांबोरचा मधला जिना तर भाषेच्या तासासाठीच बांधल्यासारखा आहे. एकाच खांबाभोवती दोन नागमोडी जिने गुंफलेले. एकावरून चढणारा आणि दुसऱ्यावरून उतरणारा झरोक्यांतून एकमेकांना पाहतात, पण भेटत नाहीत. अर्धा वर्ग एका जिन्यावर, अर्धा दुसऱ्यावर, आणि दिसलं की म्हणायचं, ‘झ त व्वा’, मी तुला पाहतोय. सर्वनाम क्रियापदाच्या आधी येतं, हा नियम पाठ करून जितका पक्का होतो त्याहून इथे अधिक होतो. जिन्याची कल्पना लिओनार्दो दा विंचीची असावी, असं पुष्कळदा सांगतात. तो 1519 च्याच मे महिन्यात जवळच्या अंब्वाझला वारला, बांधकाम नंतर सुरू झालं.

शनोंसो हा शेर नदीवर पुलासारखा उभा. गावाच्या नावाच्या स्पेलिंगात शेवटी एक्स आहे, किल्ल्याच्या नावात नाही. मुलांना स्टेशनवर उतरल्याबरोबर हे शोधायला लावावं. पहिल्या महायुद्धात नदीवरच्या लांब दालनात जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. दुसऱ्या महायुद्धात नदी हीच सीमा झाली: एका दारापाशी जर्मनव्याप्त प्रदेश, दालनाच्या पलीकडल्या दारापाशी त्यांच्या ताब्याबाहेरचा. तिथे मुलं गप्प होतात.

आता तयारी. फ्रेंच इंग्रजीतून शिकवण्याची आपली सवय निदान जाण्याआधीचे दोन महिने तरी सोडावी, मराठीचा आधार घ्यावा. ‘त्यू’ आणि ‘वू’ यांचा घोळ इंग्रजी ‘यू’मुळे होतो, ज्याच्या घरी आजोबांना ‘तुम्ही’ म्हणतात त्याला तो समजावावा लागत नाही. टेबलाला लिंग कशाला, हा प्रश्नही मराठीत पडत नाही. आणि नव्वद! फ्रेंचमध्ये नव्वद म्हणजे चार विसा आणि दहा. आपल्याकडच्या जुन्या बायका विसांवर हिशोब करत, त्यांना हे सहज उमगलं असतं. तूरच्या मंडईत दोन-दोन मुलांना दहा-दहा युरो देऊन जेवण आणायला पाठवलं की ही बेरीज कानांनी करावी लागते. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’. ते न म्हणता मागणी करणं तिथे उद्धटपणाचं मानतात. शाकाहारी मुलांनी मांस नको, मासे नको, अंडी नकोत, हे तिन्ही वेगवेगळं सांगायला शिकावं. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर ताटात मासा येऊ शकतो.

तारखा ठरवताना सर्वांत मोठी चूक होते. तिथल्या शाळेतल्या मुलांना भेटायचं तर दिवाळीची सुट्टी अनेकदा कामाची नाही, कारण ऑक्टोबर अखेरीस त्यांनाही दोन आठवडे सुट्टी असते. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्या शाळा बंद. आपली मे महिन्याची सुट्टी मात्र त्यांच्या शाळेचे दिवस. 1 आणि 8 मेची सुट्टी टाळून त्यानंतर जावं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बारा वर्षांपासून पुढच्या मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. शैक्षणिक प्रवासाला निघालेले विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना व्हिसाची फी माफ आहे, हे कित्येक पालकांना माहीतच नसतं; अर्ज केंद्राचं सेवाशुल्क तेवढं भरावं लागतं. शांबोरला अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, शनोंसो खाजगी मालकीचा म्हणून तिथे तिकीट. शांबोरला रेल्वे जात नाही; ब्ल्वापर्यंत गाडीनं आणि पुढे बसनं जावं लागतं, तीस मुलं असतील तर ती बस आधीच ठरवावी.

परतीच्या आधी पॅरिसमध्ये एक दिवस हाताशी असेल, तर आयफेल टॉवर संध्याकाळी बघावा आणि सकाळी ईशान्येकडे विलेर-कोत्रेला जावं. शांबोर बांधणाऱ्या त्याच फ्रांस्वानं 1539 मध्ये तिथल्या शातोत एका फर्मानावर सही केली: न्यायालयाचे कागद यापुढे लॅटिनमध्ये नव्हे, फ्रेंच मातृभाषेत लिहावेत. मोडकळीस आलेली ती वास्तू दुरुस्त करून 2023 मध्ये तिथे फ्रेंच भाषेचं संग्रहालय उघडलं. आतल्या चौकाच्या काचेच्या छताखाली फ्रेंच शब्द टांगलेले आहेत. मुलांना तिथे मोकळं सोडावं, वर माना करून ओळखीचे शब्द शोधू द्यावेत.