हाडात वाढणारी नसेची गाठ

दात दुखतो म्हणून काढलेल्या एक्स-रेत कधी कधी भलतेच काही दिसते. खालच्या जबड्याच्या हाडात एक काळसर, रेखीव पोकळी. बहुतेक वेळा ती दाताशी निगडित सिस्ट असते. क्वचित मात्र तिथे नसेची गाठ, म्हणजे श्वानोमा निघतो. मूळ हाडातच उद्भवणाऱ्या गाठींत त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे.

नसेच्या तंतूंभोवती वेष्टण घालणाऱ्या पेशींना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. त्या पेशींची ही सौम्य, कर्करोग नसलेली वाढ. एरवी ती मानेत, हातापायांच्या मऊ भागांत आढळते. हाडात जबडाच तिला का सापडतो? कारण खालच्या दातांना आणि ओठाला संवेदना पुरवणारी नस हाडातल्याच नळीतून लांबवर जाते. म्हणूनच काही रुग्णांचा ओठ बधिर होतो, मुंग्या येतात. पुष्कळांना काहीच जाणवत नाही.

जबड्याखालोखाल ही गाठ होते ती कण्याच्या तळाशी, त्रिकास्थीत, आणि खरी कसोटी तिथेच लागते. तिथे कॉर्डोमा नावाचा कर्करोगही होतो. त्यात भोवतालच्या हाडासह गाठ अखंड काढावी लागते आणि लघवी-शौचावर ताबा ठेवणाऱ्या नसांचा बळी जाऊ शकतो. श्वानोमासाठी एवढी किंमत मोजणे हा रुग्णावर अन्यायच. एमआरआयवरून अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. म्हणून आधी सुईने तुकडा काढून तपासायलाच हवा. इथे घाई नको.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ही गाठ आपली ओळख लपवत नाही. पेशींची केंद्रके समोरासमोर दोन रांगांत उभी आणि मधे केंद्रकविरहित पट्टा, ही रचना व्हेरोके या विकृतिशास्त्रज्ञाने १९१० मध्ये नोंदवली. शिवाय काही भाग दाट, काही विरळ. एस-१०० या प्रथिनाची चाचणी जवळपास सगळ्याच पेशींत ठळक उमटली, की शंका फिटते.

जबड्यात मग गाठ खरवडून काढतात, पोकळी मोठी असेल तर हाडाचा तुकडा बसवतात. ती सहसा पुन्हा होत नाही. त्रिकास्थीतही आतूनच पोखरत गाठ काढतात आणि शक्य तितक्या नसा वाचवतात. एखादा अंश नसेला चिकटून राहिलाच, तर तो ओरबाडण्याऐवजी पुढची काही वर्षे एमआरआय काढून त्याच्यावर लक्ष ठेवतात.