कप्तानाच्या हातातली मोहोर

अठराव्या शतकातल्या युरोपात मोठ्या माणसाचं तैलचित्र कसं असावं, हे ठरून गेलं होतं. मागे जाडजूड दगडी खांब, बाजूला घोळदार पडदा, पायाखाली पायऱ्या आणि बघणाऱ्याला मान वर करायला लावणारी पूर्णाकृती. हा थाट राजेरजवाड्यांचा. चित्रकार विल्यम होगार्थने तो १७४० मध्ये उचलला आणि कप्तान थॉमस कोरम या दर्यावर्दी व्यापाऱ्याला बहाल केला.

लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली तान्ही मुलं कोरम यांना बघवेनात. त्यांच्यासाठी आश्रम निघावा म्हणून त्यांनी तब्बल १७ वर्षं थोरामोठ्यांचे उंबरठे झिजवले. उमराव घराण्यांतल्या २१ स्त्रियांनी अर्जावर सह्या केल्या, तेव्हा कुठे काम हललं. १७३९ मध्ये दुसऱ्या जॉर्ज राजाने सनद दिली.

चित्रात त्या सनदेची मोहोर कोरम यांच्या उजव्या हातात आहे. पायाशी पृथ्वीगोल, त्यावर अटलांटिक महासागर समोर येईल असा वळवलेला. मागे समुद्रावर जहाजं. पैसा कुठून आला आणि कशाला लागला, दोन्हींचा खुलासा एकाच चौकटीत होतो. पण खरी करामत माणसाच्या देहात आहे. प्रतिष्ठितांनी टोप घालायचा तो काळ. इथे मात्र स्वतःचे पांढरे केस मोकळे सोडलेले. उन्हावाऱ्याने लालबुंद झालेले गाल, अंगावर ऐसपैस लाल डगला आणि खुर्चीवरून जेमतेम जमिनीला टेकणारे आखूड पाय. होगार्थने ते पाय लांबवले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. देहाला उमरावी डौल दिला असता, तर नजर त्यावरच खिळली असती. आता ती थेट मोहोरेवर जाते, आणि माणसाचा अधिकार त्याच्या कामातून आल्याचं पटतं.



होगार्थ स्वतः आश्रमाच्या विश्वस्तांपैकी एक. चित्र त्याने संस्थेलाच भेट दिलं. मग इतर चित्रकारांनीही आपली चित्रं दिली, ती बघायला लंडनकर येऊ लागले आणि त्यातून देणगीदारांचं लक्ष संस्थेकडे वळलं. कोरम यांना मात्र १७४२ मध्येच कार्यकारी मंडळातून दूर व्हावं लागलं. बैठकीतली त्यांची खुर्ची गेली, पण चित्र संस्थेकडेच राहिलं. आज ते लंडनच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये आहे.