दक्षिण-पश्चिम चीनमधला लांब पल्ल्याचा बसप्रवास

युन्नान आणि पश्चिम सिचुआन या डोंगराळ मुलखात १९८० आणि ९० च्या दशकांत बसला पर्याय जवळजवळ नव्हताच. रेल्वे कुनमिंग, छंगदू अशा मोठ्या शहरांपाशी थांबे. पुढची तालुक्याची गावे आणि खेडी बसवर अवलंबून असत. देशातला पहिला द्रुतगती मार्ग १९८८ मध्ये शांघायजवळ खुला झाला. डोंगरात मात्र अनेक वर्षे एकपदरी, खडीचा, पावसाळ्यात दरडींखाली जाणारा रस्ताच होता. छंगदूहून खांगदिंगला जाताना अरलांग पर्वताचा घाट चढावा लागे. रस्ता इतका अरुंद होता की तिथली वाहतूक आळीपाळीने एकाच दिशेने सोडत. समोरून येणाऱ्यांची पाळी संपेपर्यंत गाड्या रांगेत उभ्या राहत. फार लांब नसलेल्या या वाटेतही त्यामुळे मुक्काम पडे.

सुरुवातीच्या गाड्या ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या. बाके कडक, सामान टपावर जाळीखाली बांधलेले, वाटेत कोंबड्या आणि धान्याची पोतीही चढत. मागच्या बाकावर बसलेल्यांची हाडे खिळखिळी होत. घाटात अनेकांना गाडी लागे, म्हणून वाहक निघतानाच पातळ प्लास्टिकच्या पिशव्या वाटे. त्या भरल्या की खिडकीबाहेर जात. सूर्यफुलाच्या बियांची टरफले आणि सिगारेटची थोटके पायाखाली साचत. सार्वजनिक वाहनांत धूम्रपानाला १९९७ मध्ये बंदी आली, पण खेड्यापाड्यांच्या गाड्यांत ती फार काळ कागदावरच राहिली.

उताराची भीती वेगळी होती. सतत दाबून ब्रेकचे ड्रम तापत आणि ऐन वळणावर ब्रेक निकामी होण्याचा धोका असे. त्यावरचा उपाय म्हणून गाडीत पाण्याची टाकी बसवत. तिच्यातून नळीने ड्रमवर पाणी सोडले जाई आणि चाकांमधून वाफ निघे. टाकी भरून देणाऱ्यांच्या टपऱ्या घाटाच्या कडेला जागोजागी उभ्या राहिल्या. रबरी नळीतून उंच उडणारा फवारा हीच त्यांची पाटी होती.

नव्वदच्या दशकात स्लीपर बस पसरल्या. आत पथाऱ्यांच्या तीन रांगा, प्रत्येक रांगेत दोन मजले आणि मधे दोन चिंचोळ्या वाटा. चढताना बूट काढून पिशवीत घालावे लागत. पथारी इतकी अरुंद की कूस बदलणेही कठीण, आणि पाय पुढच्या माणसाच्या डोक्याखालच्या खोक्यात सरकवायचे. सर्वांत मागे पाच जण एकमेकांना चिकटून झोपत. कुनमिंगहून शिश्वांगबान्नाच्या चिंगहोंगला पोहोचायला पूर्ण रात्र आणि दिवसाचाही बराच भाग लागे. पाठीवर पिशवी घेऊन हिंडणाऱ्या परदेशी प्रवाशांनी या गाड्यांबद्दल भरभरून लिहिले. पण त्यांच्यासाठी तो आपखुशीने पत्करलेला अनुभव होता. ग्वांगदोंगच्या कारखान्यांत कामाला गेलेले सिचुआन, क्वेईचौ आणि हुनानचे लाखो मजूर चिनी नववर्षाच्या वसंतोत्सवात अशाच गाड्यांनी घरी परतत. रेल्वेचे तिकीट मिळाले नाही की त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसे. या प्रवासाचा खरा इतिहास त्यांचा आहे.

गाड्यांत जादा माणसे कोंबली जात. बाहेर पडायचा दरवाजा एकच असल्याने आग लागली की सुटका अवघड होई. २२ जुलै २०११ रोजी हनान प्रांतात शिनयांगजवळ एका स्लीपर बसला आग लागली. ३५ जणांच्या गाडीत ४७ जण होते आणि सोबत बेकायदा ठेवलेली ज्वालाग्राही रसायने. त्यात ४१ जण मेले. मार्च २०१२ पासून नव्या स्लीपर बसचे उत्पादन आणि नोंदणी थांबवण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये, पहाटे दोन ते पाच या वेळेत लांब पल्ल्याच्या बस थांबवाव्यात किंवा वाटेत चालक बदलावेत, असा आदेश निघाला. सुमारे महिनाभराने, २६ ऑगस्टला, यानआनजवळ एक स्लीपर बस मिथेनॉलच्या टँकरवर मागून आदळली आणि ३६ जण दगावले. ही धडक रात्री अडीचच्या सुमारास, म्हणजे नेमकी त्या निषिद्ध वेळेत झाली.

नियमांच्या जोडीने रस्ते आणि रूळ बदलत गेले. अरलांगच्या पोटातला चार किलोमीटरहून लांब बोगदा शतक पालटताना खुला झाला, तर २०१८ च्या अखेरीस या-आन ते खांगदिंग द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्याच वर्षी कुनमिंग ते दाली जलद रेल्वे सुरू झाली. डिसेंबर २०२१ मध्ये चीन-लाओस रेल्वे शिश्वांगबान्नामार्गे धावू लागली आणि कुनमिंगहून तिथला प्रवास काही तासांवर आला. जुन्या स्लीपर बस हळूहळू मोडीत निघाल्या. लोहमार्गापासून दूर असलेल्या दऱ्याखोऱ्यांतल्या गावांना आजही छोट्या बसचाच आधार आहे.