उन्हात फ्लॅश कशाला?
घरच्या माणसांचे उघड्यावर चांगले फोटो काढण्याचा सराव



पीकपाण्याविषयी बोलणाऱ्या माणसाने आज फोटोविषयी का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे. माझ्या हातून झालेली एक चूक मी तुम्हाला सांगणार आहे. ती तुमच्या घरात होऊ नये, एवढाच या लेखाचा हेतू.

१९९८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका गावी हरभऱ्याचे पीक प्रात्यक्षिक होते. प्लॉट चांगला साधला होता. पाहणीला मंडळी जमली, भाषणे झाली आणि ऊन डोक्यावर आले तेव्हा मला फोटोची आठवण झाली. कचेरीचा रोलचा कॅमेरा जवळ होता. ज्यांचे शेत, त्या आबांना मी पिकात उभे केले. अहवालात पीक स्वच्छ दिसावे, एवढेच माझ्या डोक्यात. आबांच्या डोक्याला पटका आणि सूर्य पाठीशी. बरोबरच्या शिपायाने विचारले, "साहेब, फ्लॅश लावू का?" मी म्हणालो, "उन्हात फ्लॅश कशाला? सेल वाचव."

फोटो अहवालाला लागला. सर्वांनी पिकाची तारीफ केली.

२००६ च्या पावसाळ्यात आबा गेले. आठ दिवसांनी त्यांचा मुलगा कचेरीत आला. "साहेब, आबांचा फोटू तुमच्याकडं असंल का? घरात मतदानाच्या कार्डावरचा सोडला तर एक बी नाय." मी जुनी पाकिटे काढून निगेटिव्ह शोधली आणि तालुक्याच्या स्टुडिओत फोटो मोठा करून घेतला. हरभऱ्याचे घाटे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट दिसत होते. पण पटक्याखाली आबांचा चेहरा काळा पडला होता. डोळ्यांच्या जागी नुसता अंधार. आजींनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि खाली ठेवला. म्हणाल्या, "हे आमचं मानूस नव्हं."

त्या दिवसापासून मी माणसांचे फोटो काढायला नव्याने शिकलो. जे शिकलो ते पुढे देत आहे.

ऊन कुठून पडते ते आधी पाहा

उजेड भरपूर असला म्हणजे फोटो चांगला येतो, ही समजूत चुकीची आहे. उजेड किती, यापेक्षा तो कोणत्या बाजूने आणि कसा पडतो, हे महत्त्वाचे. सूर्य आपल्याला आकाशात लहानशा टिकलीएवढा दिसतो. लहान ठिकाणाहून येणारा उजेड कडक असतो आणि त्याची सावली कापल्यासारखी धारदार पडते. ढग आले की सारे आभाळच दिव्यासारखे होते. उजेड चहूकडून येतो आणि सावली मऊ होते. म्हणून श्रावणातल्या ढगाळ दिवशी साधा फोटोही गोड येतो.

दुपारचे ऊन चेहऱ्याला सर्वांत वाईट. महाराष्ट्रात मे महिन्यात एकदा आणि जुलै-ऑगस्टात पुन्हा एकदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावलीसुद्धा त्या वेळी दिसत नाही. असे ऊन कपाळावर आणि नाकावर पडते, पण भुवयांच्या खाली पोचत नाही. डोक्याला पटका असला किंवा पदर पुढे ओढलेला असला, तर आणखी अंधार. माणूस ओळखू येतो तो डोळ्यांवरून, आणि नेमके डोळेच हरवतात.

सकाळी उगवतीनंतरचा तासभर आणि संध्याकाळी मावळतीच्या आधीचा तासभर ऊन तिरपे, पिवळसर आणि सौम्य असते. गुरे सोडण्याची आणि परतण्याची वेळ ती फोटोची वेळ, असे ध्यानात ठेवा. मात्र तेव्हाही माणसाला सूर्याकडे थेट तोंड करून उभे करू नका. डोळे बारीक होतात, कपाळाला आठ्या पडतात. ऊन चेहऱ्याच्या एका बाजूने येऊ द्या.

ओसरी हाच आपला स्टुडिओ

दुपारीच फोटो काढायचा असेल तर माणसाला ओसरीत बसवा, पण आत भिंतीशी नको. सावली जिथे संपते तिथून हात-दीड हात आत, तोंड अंगणाकडे. अंगणातून आणि आभाळातून येणारा मोठा, मऊ उजेड सरळ डोळ्यांत उतरतो. बुबुळात उजेडाचा एक पांढरा ठिपका दिसू लागला की जागा बरोबर आहे असे समजा. ठिपका नसेल तर डोळा निर्जीव दिसतो.

उत्तरेकडे तोंड असलेली ओसरी सर्वांत उत्तम, कारण वर्षातला बराच काळ तिच्यात थेट ऊन येत नाही. पूर्वी, विजेचे दिवे सर्रास नव्हते तेव्हा, फोटोचे स्टुडिओसुद्धा काचा लावून उत्तरेचाच उजेड आत घेत. आपल्याकडे फक्त मे ते जुलैच्या सुमारास सूर्य थोडा उत्तरेला झुकतो, तेवढे सांभाळावे.

झाडाखाली फोटो काढताना एक काळजी घ्या. पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर आले की अंगावर डाग पडल्यासारखे दिसते. दाट सावली देणारा आंबा किंवा वड निवडा आणि माणसाला सावलीच्या कडेला आणा.

चेहऱ्याची एक बाजू काळी पडत असेल तर त्या बाजूला कोणाला तरी धुतलेले पांढरे धोतर किंवा चादर ताणून धरायला सांगा. ती चेहऱ्यापासून दोन-तीन हातांवर असावी. तिच्यावरून परतलेला उजेड सावली भरून काढतो. याला पैसा लागत नाही.

पाटाचे पाणी आणि बादली

आता फ्लॅशकडे वळू. फ्लॅश अंधारासाठी, हा माझाही गैरसमज होता. खरे तर उघड्यावर फ्लॅशचे मोठे काम भर उन्हातच आहे. उन्हाने केलेली सावली तो भरून काढतो.

कॅमेऱ्यात उजेड आत घेण्याची दोन साधने आहेत. एक म्हणजे लेन्सचे छिद्र, किती मोठे उघडायचे ते. दुसरे शटर, किती वेळ उघडे ठेवायचे ते. ऊन हे पाटाच्या पाण्यासारखे आहे. ते सतत वाहते, म्हणून बारे जितका वेळ उघडे ठेवाल तितके पाणी वाफ्यात येईल. फ्लॅश म्हणजे एकदम ओतलेली बादली. तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास संपतो. बारे वेळाने बंद केले तरी बादलीचे पाणी वाढत नाही. फक्त बारे किती रुंद, यावर ते अवलंबून. म्हणून शटरने ऊन कमी-जास्त करता येते, पण फ्लॅश नाही. छिद्राने मात्र दोन्ही कमी-जास्त होतात. एवढे कळले की निम्मे शिक्षण झाले.

शटरला एक मर्यादा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश लावल्यावर शटर १/२०० किंवा १/२५० सेकंदापेक्षा जलद ठेवता येत नाही. ठेवले तर फोटोचा एक पट्टा काळा येतो.

अंतराचे गणित फवारणीवरून समजून घ्या. नोझल पानापासून एक फुटावर धरले तर फवारा जेवढ्या जागेवर पडतो, त्याच्या चौपट जागेवर तो दोन फुटांवरून पसरतो. म्हणजे प्रत्येक पानाला पाव हिस्साच औषध मिळते. फ्लॅशचेही तसेच. अंतर दुप्पट झाले की उजेड पाव होतो. कॅमेऱ्यावरच्या लहान फ्लॅशने दहा मीटरवरच्या माणसाला उन्हात काहीही मिळत नाही. दीड-दोन मीटरवर ठेवा.

सुरुवातीला हे आकडे वहीत लिहून घ्या. लख्ख ऊन, आयएसओ १००, शटर १/२००, छिद्र एफ ११. हे उन्हाचे माप झाले. माणसाला सूर्याकडे पाठ किंवा तिरपी बाजू करून दोन मीटरवर उभे करा. कॅमेऱ्यातला लहान फ्लॅश असेल तर तो पूर्ण लावा. वर बसवायचा मोठा फ्लॅश असेल तर शक्ती १/८ ठेवून सुरुवात करा. फोटो पाहा. डोळे अंधारात असतील तर शक्ती वाढवा. चेहरा पांढरा फटक आणि तेलकट दिसत असेल तर कमी करा. फ्लॅश लावला आहे हे पाहणाऱ्याला कळू नये, इतपतच तो असावा.

संध्याकाळी ऊन पिवळे आणि फ्लॅश पांढरा असतो, त्यामुळे चेहरा निळसर वाटतो. फ्लॅशवर फिक्या नारिंगी रंगाचा पारदर्शक कागद लावला की रंग जुळतो. चष्मा असेल तर तोंड किंचित वळवायला सांगा, म्हणजे काचेत फ्लॅशची चमक येत नाही.

पांढरे कपडे, सावळा चेहरा

आपल्याकडच्या फोटोत आणखी एक अडचण असते. टोपी, सदरा, धोतर पांढरे शुभ्र आणि चेहरा उन्हाने रापलेला. कॅमेरा आपोआप माप घेतो तेव्हा एवढे पांढरे पाहून फसतो आणि सारा फोटो काळसर करतो. अशा वेळी माप चेहऱ्यावरून घ्यावे. सदऱ्याची एखादी घडी दिसली नाही तरी चालेल, चेहरा गेलेला चालत नाही.

मोबाईल असेल तर

आता घरोघरी मोबाईल आहे. त्याचा दिवा म्हणजे खरा फ्लॅश नव्हे. त्याचा उजेड इतका कमी असतो की उन्हात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. म्हणून मोबाईलवाल्यांनी ओसरी आणि पांढरी चादर यांवर भिस्त ठेवावी. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावावे, म्हणजे कॅमेरा चेहऱ्याचे माप घेतो. फार जवळ जाऊ नये, नाक मोठे दिसते. दोन मीटर मागे सरून दुप्पट मोठे करण्याचे बटण वापरावे. काच आधी सदऱ्याच्या स्वच्छ टोकाने पुसावी. बरेच अंधुक फोटो बोटांच्या डागांमुळे येतात.

सरावाचाही एक प्लॉट असतो

नवे बियाणे पाहताना आपण शेजारी जुन्या वाणाचा वाफा ठेवतो आणि खत, पाणी सारखे देतो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तेव्हाच फरक कशामुळे पडला ते समजते. फोटोचा सरावही असाच करावा.

एक दिवस ठरवा. घरातले एकच माणूस आणि अंगणातली एकच जागा. सकाळी सात, नऊ, दुपारी बारा, चार आणि संध्याकाळी सहा, असे पाच फोटो काढा. शेजारी शेजारी ठेवून फक्त डोळे पाहा. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजताच तीन फोटो काढा: एक साधा, एक चादर धरून, एक फ्लॅश लावून. तिसऱ्या दिवशी फ्लॅशचे अंतर तेवढे बदला: एक मीटर, दोन, चार. प्रत्येक फोटोची वेळ, अंतर आणि आकडे वहीत टिपा. आठवडाभरात तुम्हाला फोटो काढण्याआधीच तो कसा येणार ते दिसू लागेल.

फोटो काढताना माणसाला "सरळ उभे राहा, हसा" असे म्हणू नका. विळा, सूप, पितळी तांब्या, जे रोज हातात असते ते असू द्या. पिकाविषयी, नातवाविषयी विचारा. बोलता बोलता चेहरा मोकळा होतो. आणि घरातल्या बायांचे फोटो आवर्जून काढा. लग्नातला एक फोटो सोडला तर कित्येकींचा दुसरा फोटोच नसतो. मात्र आधी विचारावे. नको म्हटले तर आग्रह करू नये.

शेवटी आजींचे सांगतो

आबा गेले त्या पुढच्या वर्षी, हरभरा घाट्यात असताना, आजींनी मुलाच्या हाती निरोप धाडला: "साहेबाला म्हणावं, माजा तरी नीट काढा." मी कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन गेलो. ओसरीत बसा म्हटले तर ऐकेनात. आबा उभे होते तिथेच त्यांना उभे राहायचे होते. दुपारची वेळ, पाठीशी सूर्य, सारे तसेच. फरक एवढाच, की या वेळी मी दोन मीटरवर होतो आणि फ्लॅश लावला होता. पदराच्या कडेला उन्हाची रेघ आली आणि पदराखालचे डोळे स्वच्छ दिसले. फोटो पाहून आजी म्हणाल्या, "असा त्यांचा असता तर?" मला उत्तर देता आले नाही.

आजीही २०१९ साली गेल्या. त्यांचा तो फोटो आज घराच्या भिंतीवर आहे. शेजारची जागा रिकामी आहे.

तेव्हा मंडळी, या रविवारी घरातल्या थोरांना ओसरीत बसवा आणि सरावाचा पहिला फोटो त्यांचाच काढा. चांगला येईल तो नुसता मोबाईलमध्ये ठेवू नका. मोबाईल बिघडतो, हरवतो. तालुक्याला जाल तेव्हा कागदावर काढून घ्या, मागे नाव आणि तारीख लिहा, आणि जपून ठेवा.