गाणी आपल्या घरात राहावीत म्हणून

२०२४ मध्ये आधी रेसो आणि मग विंक ही गाण्यांची ॲप भारतात बंद झाली. त्यांच्यावर उतरवून ठेवलेली गाणी फोनमध्ये असली तरी आपली नव्हतीच. तेव्हापासून आमच्या अकोटातल्या गाणंवेड्या मंडळींत एक विषय पुन्हा पुन्हा निघतो: घरात स्वतःचा म्युझिक सर्व्हर घ्यावा का? ऑरेंडर, इनुओस यांची वरच्या दर्जाची यंत्रं काही लाखांत जातात.

उत्तर देण्याआधी थोडं मागे जाऊ. सीडी १९८२ साली बाजारात आली, पण आमच्याकडे तिचं राज्य कधी आलंच नाही. कॅसेटवरून आम्ही थेट एमपी३वर उतरलो, आणि २००० नंतरच्या त्या दशकावर माझा राग आजही आहे. घराघरांत कॅसेटी होत्या. भीमराव पांचाळेंच्या गझला, सिरसोलीच्या सत्यपाल महाराजांचं सप्तखंजेरीवरचं प्रबोधन, आणि गावच्या भजनी मंडळानं साध्या टेपवर धरून ठेवलेली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं. मग कॉम्प्युटरची दुकानं निघाली आणि एका एमपी३ सीडीत दीडशे-दोनशे गाणी मिळू लागली. "काहाले ठेवतं बे हे कबाड? सारं एका सीडीत बसते," असं म्हणत लोकांनी कॅसेटी भंगारात दिल्या.

बसत होतं, पण काय बसत होतं? सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात, त्या एमपी३मध्ये बहुधा १२८. म्हणजे जेमतेम अकरावा हिस्सा. खंजिरीच्या चकत्यांचा खणखणीत नाद तिथं ओल्या पत्र्यासारखा वाजे. एक पिढी तेच गाणं समजून मोठी झाली. त्यात भारनियमन. वीज तासन्‌तास जायची, जाता-येता कॉम्प्युटरला झटके बसायचे, हार्ड डिस्क बसली की सगळा संग्रह गेला. दुसरी प्रत कुणी ठेवतच नव्हतं. गावच्या मंडळाची भजनं तर कुठल्याच सीडीत आली नव्हती. ती बहुतेक भंगारातच संपली.

पुढची वर्षं पेनड्राइव्हची. २०१६ ला जिओ आलं आणि साठवणं हा प्रकारच मागे पडला.

तर सर्व्हर घ्यावा का? माझं मत: नको. त्याचं काम फाइली सांभाळणं, त्यांची यादी दाखवणं आणि आकडे जसेच्या तसे डॅकपर्यंत, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्रापर्यंत, पोचवणं. जुना लॅपटॉप हे चोख करतो. आवाजातला खरा फरक स्पीकर आणि खोली पाडतात. ॲम्प्लिफायर आणि डॅक त्यानंतर. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गमावता लहान केलेल्या फाइलीत, तासाभराची सीडी साधारण ३५० एमबीत बसते, म्हणजे हजार सीडींना अर्धा टीबीही लागत नाही. दोन डिस्क घ्याव्यात, एक आपल्याकडे आणि एक दुसऱ्याच्या घरी. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात तर ही दुसरी प्रत टाळूच नये.

वाचलेल्या पैशांतून उरल्यासुरल्या कॅसेटींसाठी चांगला कॅसेट डेक दुरुस्त करून घ्यावा. हेड स्पिरिटनं पुसावं, प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन स्क्रूनं जुळवावा, मगच लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू करावं. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटं लागतातच. मग प्रत्येक फाइलला नाव द्यावं: कोण गायलं, खंजिरीवर कोण, गाव कोणतं, साल कोणतं. महागडे सर्व्हर ही माहिती इंटरनेटवरून आपोआप भरतात, पण आपल्या भजनी मंडळांची तिथं नोंदच नाही. ही माहिती सांगू शकणारी म्हातारी माणसं अजून गावात आहेत. आधी त्यांच्याकडे जायला हवं.