तुरीच्या दाण्याएवढी गाठ

१९८६चा डिसेंबर. नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये मी तेव्हा हाउसमन होतो. पन्नाशीची एक बाई पदरात हात गुंडाळून ओपीडीत आली. सकाळी भांडी घासायला बसली की नळाच्या गार पाण्यानं डाव्या अनामिकेतून कळ निघायची ती थेट खांद्यापर्यंत. उन्हाळ्यात आराम, दिवाळीनंतर पुन्हा सुरू. नख पाहू म्हटलं तर, "हात नका लावू जी!" नखाखाली जेमतेम निळसर झाक होती. आमच्या सरांनी टाचणी घेतली आणि तिच्या डोक्याकडच्या बाजूनं नखाभोवती दाबत गेले. तीन ठिकाणी काही नाही. चौथ्या ठिकाणी बाईनं हात असा ओढला की टेबलावरचे केसपेपर खाली पडले. "ग्लोमस," एवढंच बोलून सर पुढच्या पेशंटकडे वळले.

ही टाचणीची परीक्षा लव्ह नावाच्या डॉक्टरची, १९४४ची, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधली. (आमच्या नागपूरच्या मेयो रुग्णालयाशी तिचा संबंध नाही, आमचं मेयो व्हाइसरॉयच्या नावाचं.) दुखणं मात्र त्याहून जुनं. एडिंबरोच्या विल्यम वुडनं १८१२मध्येच कातडीखालच्या या दुखऱ्या गाठीचं वर्णन लिहून ठेवलं होतं. ती नेमकी कशाची, हे कळायला १९२४ उजाडलं. त्या वर्षी पिएर मासोंनं सूक्ष्मदर्शकाखाली तिचं मूळ ओळखलं. कातडीत धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या बारीक रचना असतात, त्यांना ग्लोमस म्हणतात; ही गाठ त्यांचीच. रक्ताचा प्रवाह कमी-जास्त करून त्या शरीराची उष्णता सांभाळतात. बोटांच्या टोकांशी त्या दाट, म्हणून गाठही बहुधा तिथेच.

हे 'बहुधा'च मला पुढे नडलं.

२००३च्या सुमारास हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणारा एक माणूस माझ्याकडे आला. मांडीच्या बाहेरच्या बाजूला दुखणं, सहा वर्षांचं. वर दिसायला काही नाही, हाताला गाठ लागत नाही. खिशातली किल्ली घासली तरी तळमळायचा. कमरेचा एमआरआय झाला होता, सायटिकाच्या गोळ्या झाल्या होत्या, "मनाला लावून घेऊ नका" हेही ऐकून झालं होतं. मी विचारलं, थंडीत वाढतं का? तो म्हणाला, "नाही जी, बारा महिने सारखंच." इथेच माझ्या डोक्यातला ग्लोमस बाद झाला. मीही गोळ्याच लिहून दिल्या.

२००६मध्ये मेयो क्लिनिकचाच एक आढावा वाचनात आला. बोटांखेरीज इतर जागी ग्लोमस झालेले ५६ रुग्ण, वीस वर्षांतले. त्यांत पुरुष जास्त, आणि थंडीनं दुखतं म्हणणारे जवळजवळ नव्हतेच. डिसेंबरातल्या त्या बाईवरून मी जो नियम मनात पक्का केला होता, तो बोटापुरताच होता.

त्या माणसाला निरोप धाडला. बिचारा आला. "कुठे दुखतं, एका बोटानं दाखवा," म्हटलं. त्यानं दाखवलं. मी बॉलपेननं ठिपका काढला. त्याला डोळे मिटायला लावून तीनदा विचारलं, तिन्ही वेळा बोट ठिपक्यावरच. मग बीपीचा रुंद पट्टा मांडीला वर बांधून हवा भरली. ठिपक्यावर दाबलं तर दुखेना. हवा सोडताच पुन्हा कळ. ही हिल्ड्रेथची परीक्षा, १९७०ची. साधी सोनोग्राफी, पण कातडीजवळचं बारीक दाखवणाऱ्या प्रोबनं केली, तेव्हा एक काळसर लंबगोल दिसला आणि त्यात रक्त खेळत होतं.

दुखऱ्या गाठींच्या यादीत न्यूरोमा, अँजिओलायपोमा, लायोमायोमा हेही येतात. शेवटचा शब्द पॅथॉलॉजीचाच. ऑपरेशनच्या सकाळी भूल देण्याआधी ठिपका पुन्हा गिरवला, कारण इंजेक्शननं भाग फुगला आणि बधिर झाला की एवढीशी गाठ हरवते. निघाली ती तुरीच्या दाण्याएवढी. रिपोर्टात रक्तवाहिन्यांभोवती एकसारख्या गोल पेशी, ग्लोमसच. टाके काढायला आला तेव्हा किल्ल्यांचा जुडगा त्याच खिशात होता.

नऊ वर्षांतली शेवटची तीन माझ्या खात्यावर नाहीत असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ती सहाच्या वरची, निव्वळ माझी.

तुमचंही दुखणं असं एका बोटाच्या टोकानं दाखवता येत असेल, तर दवाखान्यात निघण्याआधी तिथे पेनानं ठिपका काढा आणि डॉक्टरांना आधी तो दाखवा.