मारहाण, अत्याचार किंवा अटक : वैद्यकीय तपासणीबाबत तुमचे हक्क

धुऱ्यावरून भांडण होते, काठीचा मार बसतो. घरचे लोक जखमीला आधी पोलीस ठाण्यात नेतात आणि दवाखान्यात दुसऱ्या दिवशी आणतात. मानोरा तालुक्यात हे मी नेहमी पाहतो. "पोलिसांचे पत्र नसेल तर डॉक्टर हात लावत नाहीत," असा समज त्यामागे असतो. तो चुकीचा आहे. त्यामुळे तब्येतीचे नुकसान होते आणि पुढे केसचेही.

आधी उपचार, मग कागद

जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी आणि खाजगी डॉक्टरांचे पहिले कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. डॉक्टर उपचार सुरू करतात, 'एमएलसी' म्हणजे मेडिको-लीगल केस नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात.

लवकर येणे का महत्त्वाचे? मुका मार लागल्यावर त्वचेचा रंग रोज बदलतो. आठवड्याने ती खूण पुसट होते. हाड मोडले किंवा दात पडला तर कायद्याने ती 'गंभीर दुखापत' ठरते आणि कलम बदलते. म्हणून एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. नवऱ्याने मारले असेल तर "पायरीवरून पडले" असे सांगू नका. तुम्ही सांगाल तेच आम्ही लिहितो.

लैंगिक अत्याचार झाल्यास

• कोणत्याही सरकारी किंवा खाजगी रुग्णालयात प्रथमोपचार आणि उपचार मोफत मिळतात. नकार देणे हा गुन्हा आहे.
• एफआयआर नसला तरी थेट रुग्णालयात जाता येते.
• शक्य असल्यास तपासणीपूर्वी आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. केले असेल तरीही या.
• एचआयव्ही टाळण्याची औषधे 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळीही जितकी लवकर घ्याल तितकी परिणामकारक.
• तपासणीसाठी संमती लागते. सज्ञान स्त्रीने तपासणी नाकारली तरी उपचार थांबत नाहीत.
• 18 वर्षांखालील मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. आई-वडील किंवा तिच्या विश्वासातली व्यक्ती सोबत राहू शकते.

'टू फिंगर टेस्ट' कोणी करत असेल तर नकार द्या. तिला शास्त्रीय आधार नाही. सेवाग्रामचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या चाचणीविरुद्ध पाठपुरावा केला होता. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल, असे बजावले.

घरातल्या कोणाला अटक झाली तर

आरोपीलाही हक्क आहेत. अटक म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नव्हे.

• अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. स्त्री असेल तर महिला डॉक्टरकडून किंवा तिच्या देखरेखीखाली.
• अंगावरच्या जखमा आणि त्या साधारण कधीच्या, हे अहवालात लिहावे लागते. अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळते. ती मागून घ्या.
• डी. के. बसू खटल्याच्या 1996 च्या निकालानुसार कोठडीत दर 48 तासांनी तपासणी व्हावी.
• प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे बंधनकारक आहे. मारहाण झाली असेल तर तेथे सांगा.
• मधुमेह, रक्तदाब, फिट किंवा टीबीची औषधे चालू असतील तर चिठ्ठी आणि गोळ्या ठाण्यात पोहोचवा, आणि डॉक्टरांनाही सांगा. इन्सुलिन किंवा फिटची गोळी चुकणे जिवावर बेतू शकते.

मदत कुठे मिळेल?

तातडीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. मोफत वकिलासाठी 15100 वर फोन करा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते.

गुन्हा कोणी केला, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. शरीरावर काय दिसले ते नीट लिहिणे आमचे. ते लिहिता यावे म्हणून वेळेत या.